सोनीचं सासर

आमच्या घरी माकड होतं असं सांगितलं, की माझी नातवंडं पहिला प्रश्न विचारतात, "आजी, परवानगी होती का?" आता यांना काय सांगायचं! आमच्या काळी घरात परवानगी घ्यायची ती मायची, आणि ती तर तिनं शेवटपर्यंत दिली नाही. माकड आलं, वाढलं, सगळं घर डोक्यावर घेतलं, आणि माय रोज म्हणत राहिली, उद्या सकाळी हे ध्यान मले घरात दिसलं नाही पायजे. ती उद्याची सकाळ काही उगवली नाही. आता कायदे कडक झालेत आणि ते असावेतच, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हौस म्हणून, गंमत म्हणून ते जनावर आम्ही आणलं नव्हतं. ते बाबांच्या खांद्याला चिकटून आलं.

बाबा दर शनिवारी सायकलनं जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जायचे. बाकीचे दिवस ते माकडांचे दुश्मन. आमचं गाव बोरगावच्या बाजूला, घराला लागूनच वावर आणि वावरात संत्र्याचा बगीचा, आणि बगीचा म्हटला की माकडं आलीच. आठवडाभर गोफणीनं माकडं हाणायची आणि शनिवारी मारुतीपुढं नारळ फोडायचा, यात बाबांना काही वावगं वाटत नसे. मारुतीलाही वाटत नसावं, कारण फळ बरं यायचं. तर एका शनिवारी परत येताना रस्त्याच्या कडेला ट्रकखाली आलेली माकडीण पडली होती. कोणीतरी तिच्यावर कुंकू वाहून, उदबत्ती लावून आपल्या वाटेनं निघून गेलं होतं. तिच्या पोटाला पिल्लू तसंच धरून होतं, ते कोणाला दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही दिसलं नव्हतं. बाबा खाली वाकले आणि ते पिल्लू त्यांच्या दुपट्ट्याला जे चिकटलं ते घर येईपर्यंत सुटलं नाही. अंगणात उभं राहून ते मायला चोरासारखे सांगत होते, "मारुतीच्या पायावर डोकं ठेवून निघालो अन् रस्त्यात हे. टाकून कसा येऊ?"

मायनं त्या बोचक्याकडं पाहिलं. उंदराएवढं तोंड, त्यावर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या आणि दोन डोळे. शनिवारी आणलं तर रविवारी सोडून या, असं तिनं बाबांना बजावलं. मग आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, तिची वात वळली, शेळीच्या दुधात बुडवली आणि त्याच्या तोंडात दिली. दूध चोखता चोखता त्यानं मायचं बोट धरलं. माय म्हणाली, माजोरं दिसते. माझ्या थोरल्या बहिणीनं, शकूताईनं, त्याची भुरी लव पाहून सोनी नाव ठेवलं. रविवार आला आणि गेला, सोनीला सोडायचं कोणी नावही काढलं नाही.

घरात आम्ही पाच माणसं. बाबा, माय, बाबांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे काका, शकूताई आणि मी. काकांचं लग्न व्हायचं होतं, पण त्यांना त्याची काही घाई दिसत नसे. त्यांचा सगळा जीव बगीच्यात. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचं, ते कलम पावसाळ्यात लावायचं, दोन्ही हातांनी माती चेपायची, हे सगळं ते स्वतः करत आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. नाल्याच्या काठाची एक आख्खी ओळ त्यांनी अशी एकट्यानं उभी केली होती. त्या झाडांशी ते बोलायचे. आमच्याशी कमी बोलायचे.

सोनी दूध सोडून भाकरीवर आली आणि घराचा सत्यानाश सुरू झाला. दिवाळीपासून आमच्या पुढच्या ओसरीत वेचलेल्या कापसाचा ढीग लागायचा, पार आढ्यापर्यंत. सोनी छपराच्या कवेलूच्या फटीतून आत यायची आणि त्या ढिगात सूर मारायची. बाहेर यायची ती सगळी पांढरी होऊन, गालात सरकी भरलेली. काकांनी काठी उगारली की त्याच ढिगात गायब. मायनं पाट्यावर चटणी वाटायला घेतली की ही समोर बसून रिकाम्या हातांनी वाटल्यासारखं करायची, कंबर हलवून, अगदी मायसारखी, मध्येच कपाळावरचे केस मागं सारून. आम्ही हसून लोळायचो. माय उठून गेली की ती खरोखरच वरवंट्याला हात घालायची, आणि एकदा तिखटाचा हात डोळ्याला लावून तिनं असा थयथयाट केला की शेजारची चार घरं धावून आली. मायनं तिला मांडीवर दाबून धरून डोळ्यात तूप घातलं आणि तोंडानं शिव्यांची लाखोली वाहिली. भवानी, अवदसा, मसणवटी. सोनी तिच्या पदरात तोंड खुपसून ते सगळं ऐकून घ्यायची. ती शिवी आहे का अंगाई, हे तिला कधी वेगळं कळलं नसावं.

उन्हाळ्यात कुरड्यांचा दिवस म्हणजे आमच्या घरी सणच. पहाटेपासून गव्हाचा चीक शिजवायचा, गल्लीतल्या बायका सोऱ्या घेऊन यायच्या, खाटांवर धुतलेली लुगडी पसरायची आणि त्यावर पांढऱ्या कुरड्यांच्या रांगा. त्या वर्षी सोनीला खुंट्याला बांधून ठेवलं होतं. तिनं दाव्याची गाठ सोडली, हे कोणाला कळलं नाही. बायका चहाला बसल्या, तेवढ्यात बाईसाहेब खाटेवर गेल्या आणि ओल्या कुरड्यांवर मस्त मांडी घालून बसल्या. उठली तेव्हा मागं दोन कुरड्या चिकटलेल्या. आणि तशीच ती बायकांच्या मध्ये येऊन बसली. इतकी हसलेली माय मी फार वेळा पाहिली नाही. हसून झाल्यावर तिनं लाटणं फेकून मारलं, ते मला लागलं.

काकांना पाहायला एकदा लोधीखेड्याकडून पाहुणे आले होते. मुलीचे वडील जाडजूड, डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी, बोलताना सारखे आपल्या मालगुजारीवर येणारे. पोहे झाले, चहा झाला, आणि ते गृहस्थ हुंड्याच्या गोष्टीकडं वळतात न वळतात तोच वरच्या आडव्या लाकडावरून एक हात खाली आला आणि टोपी वर गेली. सोनीनं ती आपल्या डोक्यावर चढवली, कवेलूवर जाऊन बसली आणि पाहुण्यांकडं इतक्या गंभीरपणे पाहू लागली की बाबांनाही आवरलं नाही. ती सोयरीक मोडली. त्या संध्याकाळी काकांनी सोनीला गुळाचा मोठा खडा दिला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचं सांगण्याआधी हे मुद्दाम सांगते, कारण काका तिचे वैरी नव्हते. दुपारी ते ओसरीत आडवे झाले की ती त्यांच्या डोक्याशी बसून एकेक केस बाजूला करत उवा शोधायची. एकही सापडायची नाही, तरी शोधायची, आणि काका तोंड उघडं टाकून झोपायचे.

शकूताईचं लग्न झालं, ती नरखेडला नांदायला गेली. घर एकदम मोठं वाटू लागलं. त्यानंतरच कधीतरी सोनी बदलली. आधी मला वाटलं तिलाही ताईची आठवण येत असेल, पण तसं नव्हतं. ती वयात येत होती. तोंड आणखी लाल झालं, दात बाहेर येऊ लागले, शेजारच्या एका पोट्ट्याला तिनं दंडाला चावा घेतला. बाबा म्हणाले, आता बांधून ठेवा लागते. बांधली की ती दिवसभर दावं चावायची. सोडली की कवेलूच्या अगदी टोकाला जाऊन बसायची, नाल्याकडं तोंड करून. आंबिया बहाराची, म्हणजे दिवाळीच्या सुमाराची, फळं पिवळी पडू लागली की टेकड्यांकडून टोळी उतरायची आणि नाल्याच्या मोहाच्या झाडांवर मुक्काम करायची. त्या टोळीचा आवाज आला की सोनी एक वेगळाच आवाज काढायची. घशातून, बारीक, थांबून थांबून. आम्ही तिचे सगळे आवाज ओळखत होतो, भुकेचा, रागाचा, लाडाचा. हा आमच्यासाठी नव्हता.

हळूहळू ती त्यांच्याकडं जायला लागली. टोळी लगेच कशी घेईल! आधी दात विचकून हाकललं. मग लांब बसू दिलं. एक म्हातारी माकडीण होती, एक कान फाटलेली, तिनं एका दुपारी सोनीला आपल्या शेजारी बसू दिलं आणि तिच्या पाठीवरचे केस चाळले. मी आणि माय धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभ्या राहून ते पाहत होतो. सोनी डोळे मिटून, मान खाली घालून बसली होती. संध्याकाळी घरी येऊन तिनं भाकर खाल्ली आणि मायच्या पायाशी झोपली. माय मला म्हणाली, म्हातारीनं पोरगी पाहून घेतली वाटते. हसत म्हणाली, पण त्या दिवसापासून तिनं सोनीला बांधू दिलं नाही.

नेमकं त्याच वर्षी काकांच्या नाल्याकडच्या ओळीला पहिला बहार आला. पहिला बहार म्हणजे काय, हे बगीचेवाल्यालाच कळतं. वर्षानुवर्षं नुसतं पाणी घालायचं, काड्या छाटायच्या, आणि एक दिवस त्या हिरव्या पानांत पिवळा दिवा लागतो. आणि टोळी पोट भरून खाऊन गेली तर एक वेळ सोसवेल. माकड एक चावा घेतं, फेकतं, दुसरं तोडतं. सकाळी झाडाखाली पाहिलं तर अर्धी खाल्लेली फळं आणि सालींचा सडा. काका मचाणावर बसून डबे वाजवत, ओरडत. त्यांचा घसा बसला, डोळे लाल झाले. गोफणीचा दगड आला की टोळी त्या झाडावरून या झाडावर, एवढंच. आजकाल काकांचा नातू तारेचं कुंपण लावतो, त्यात वीज सोडतो, लाऊडस्पीकरवर वाघाचा आवाज वाजवतो. माकडं वाघाचा आवाज ऐकत ऐकत संत्री खातात, ते सोडा.

आमच्याकडं एक जुना उपाय होता. टोळीतलं एक माकड धरायचं, त्याच्या गळ्यात घुंगरू बांधायचं आणि सोडून द्यायचं. ते बिचारं आपल्या माणसांकडं धावतं, घुंगरू वाजतं, टोळी त्या आवाजाला भिऊन पळते. ते मागं, टोळी पुढं. अशी ती टोळी कोसाच्या कोस निघून जाते. अडचण एकच, की टोळीतलं माकड धरणं सोपं नाही. पण आमच्याकडं धरलेलं माकड होतं. गावात कोणीतरी हे काकांच्या कानात घातलं. काकांनी ते बाबांना सांगितलं आणि बाबा बराच वेळ विडी ओढत बसले. नाही म्हणाले नाहीत. बैलाच्या जुन्या घागरमाळेतलं एक पितळी घुंगरू काकांनी काढलं, कातड्याच्या पट्टीत ओवलं, आणि दुपारी सोनी त्यांच्या डोक्याशी उवा पाहायला बसली तेव्हा तिच्या गळ्यात बांधून टाकलं. सोनीनं मानही हलवली नाही. काकांनी केलं म्हणजे काहीतरी चांगलंच असणार.

माय तेव्हा नरखेडला शकूताईकडं गेली होती. घरात बोलणारी मी एकटी आणि मला कोण विचारतं! दुसऱ्या सकाळी टोळी आली, सोनी नेहमीसारखी पळत त्यांच्याकडं निघाली आणि तिच्या गळ्यातला खुळखुळाट ऐकून सगळी टोळी एकदम उसळली. म्हातारी सगळ्यांत आधी. पिलं पोटाला लावून माकडिणी किंचाळत नाल्यापार. सोनी त्यांच्यामागं. जितकी जोरात धावेल तितकं घुंगरू जोरात वाजे, आणि जितकं वाजे तितकी टोळी लांब. गावचे लोक धुऱ्यावर उभे राहून टाळ्या पिटत होते. काका मचाणावरून खाली उतरले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर झोपले. संध्याकाळी सोनी परत आली, एकटी. पायाला काटे लागलेले. ती थेट चुलीजवळ गेली, माय तिथं नव्हती. मग राखेत बसून राहिली.

टोळी काही अगदीच गेली नाही. लांब टेकडीच्या पायथ्याला राहिली आणि सोनी रोज तिकडं जात राहिली. रोज तेच. ती जायची, घुंगरू वाजायचं, ते पळायचे. तिनं पट्टी ओढून पाहिली, चावून पाहिली, कातडं जुनं पण चिवट. मानेवरचे केस झडले. खाणं सुटलं. काकांनी गूळ पुढं केला तर तोंड फिरवलं. तेव्हा काका उठून बाहेर गेले, आणि पट्टी काढतो असं दोनदा म्हणाले. पण झाडांवर फळं होती आणि तोडाई जवळ आली होती, तेवढी होऊ दे, असं त्यांचं चाललं होतं.

माय नरखेडहून आली ती दुपारी. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, सोनी कुठं म्हणून विचारलं. मी तिला घेऊन वावरात गेले. त्या दिवशी टोळी जरा जवळ आली होती, नाल्याच्या पलीकडच्या मोहावर. आणि सोनी जमिनीवरून त्या झाडाकडं चालली होती, अगदी हळू, तीन पायांवर. आधी मला वाटलं तिचा हात मोडला. मग दिसलं. एका हाताच्या मुठीत तिनं ते घुंगरू गच्च धरलं होतं. वाजू नये म्हणून. तशी ती झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचली. वर म्हातारी बसलेली, तिनं खाली पाहिलं, पळाली नाही. सोनीनं एका हातानं खोड धरलं. पण झाडावर चढायला दोन हात लागतात. तिनं खूप प्रयत्न केला. शेवटी मूठ सोडली, घुंगरू वाजलं आणि झाड क्षणात रिकामं झालं. मी हे कितीदा आठवलं असेल. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं माकडासाठी रडावं का? रडावं. मी रडते.

 मायनं सोनीला हाक मारली, पदरात घेतली, तशीच घरी आणली. विळीवर बसून, सोनीची मान आपल्या डाव्या हाताखाली दाबून तिनं ती पट्टी कापली. काका दारात उभे होते. अजून ओळीतली फळं तोडायची आहेत वहिनी, एवढंच म्हणाले, तेही हळू. मायनं घुंगरू त्यांच्या पायाशी टाकलं.

"भाऊजी, फळ पुढच्या साली येते. इचे लोक गेले तर इले कोण हाय? आपण काय जन्माले पुरणार हाव?"

बाबा आतून ऐकत होते.  आमच्या घरातल्या पुरुषांची ही एक चांगली गोष्ट होती, चूक कळली की ते गप्प बसायचे. बोलून ती आणखी वाढवायचे नाहीत.

पण पट्टी कापली म्हणून टोळी थोडीच परत येते! भीती घुंगरूची नव्हती राहिली, सोनीची झाली होती. ती दिसली की पळापळ. हे पाहून माय एक दिवस चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "पोरगी द्याची हाय तर व्याह्याचा मान करा लागते. पोरीकडच्यानंच वाकायचं असते." मला वाटलं थट्टा करते. ती उठली, टोपली घेतली आणि काकांना म्हणाली की मला संत्री पाहिजेत. काकांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि म्हणाले, "माह्या ओळीतली न्या वहिनी. ते लोक पयले तिथंच येते." आणि स्वतः टोपली भरून आणायला गेले.

रोज सकाळी माय ती टोपली नाल्याच्या काठी रिकामी करायची, सोबत भाकरीचे तुकडे, कधी भिजवलेले चणे. मग सोनीला कडेवर घेऊन लांब धुऱ्यावर बसायची. टोळी यायची, संशयानं पाहायची, उचलून पळायची. माय दुसऱ्या दिवशी थोडी जवळ बसायची. गावात हसायला आयता विषय मिळाला. पाटलिणीनं, म्हणजे आमच्या मायनं, माकडाशी सोयरीक केली म्हणे, हुंड्यात बगीचा दिला म्हणे. बायका विहिरीवर विचारायच्या, जावई काय करते. मायही कमी नव्हती. ती सांगायची, तुमच्या जावयापेक्षा बरा, दारू पीत नाही. बाबा त्या दिवसांत गोफण खुंटीला लावून मोकळ्या हातांनी बगीच्यात फिरायचे, आणि एका गड्यानं सवयीनं दगड उचलला तर त्याला दरडावून म्हणाले, अरे पाहुणे हायेत ते.

एक दिवस म्हातारी सोनीच्या अगदी समोर येऊन बसली. दोघींच्या मध्ये एक संत्रं. म्हातारीनं ते उचललं, सोललं, खाल्लं. मग उठून सोनीच्या मागं गेली आणि मानेवरची ती झडलेली जागा पाहू लागली. बोटांनी चाळू लागली. मायनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ऊन उतरलं, टोळी उठली, सोनीही उठली. त्यांच्यामागं नाल्यापार गेली. आम्ही अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. ती आली नाही. ना हळद, ना शिदोरी, कोणाला कळायच्या आत लेक गेली. माय घरी येऊन सैपाकाला लागली आणि सोनीची एक भाकर जास्तीची थापून बसली. दुसऱ्या दिवशी तिनं तिळाचे लाडू केले, ते नाल्याकाठी पानावर ठेवून आली. त्यानंतर टोपली बंद. मी विचारलं तर म्हणाली, रोज रोज लेकीच्या दारात जाऊ नये, तिचं नांदणं बिघडते.

ती ओळ मात्र टोळीचीच राहिली. कोणी तसं ठरवलं नाही, पण तिथं कोणी मचाण बांधलं नाही, गोफण फिरवली नाही. आणि गंमत म्हणजे टोळी बहुतेक तिथंच खायची, बाकीच्या बगीच्यात फारशी शिरायची नाही. आणि शिरली तरी आमचं तेवढं चालायचं. काका त्या ओळीला पाणी पहिलं द्यायचे.

आमच्या मायची एक रीत होती, म्हणजे तेव्हाच्या सगळ्याच आयांची होती. लेकीच्या घरी अन्न घ्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. शकूताईकडं माय नरखेडला गेली तर स्टेशनवर पाणी पिऊन जायची, आणि घरून नेलेल्या पिठाची भाकर शेजाऱ्यांच्या चुलीवर करून खायची. ताई रडायची, तरी नाही. ताईला पोरगा झाला आणि बारशाला मायनं तिथली खीर खाल्ली, तेव्हा कुठं ते संपलं. तर एक दिवस काकांनी तोडाईतली थोडी फळं घरी आणली. माय सोलायला बसली आणि थांबली. ही कोणत्या ओळीतली म्हणून विचारलं. काका म्हणाले, सगळी मिसळली आहेत, नाल्याकडचीही असतील. मायनं टोपली दूर सारली. ते लेकीचं घर हाय, म्हणाली, मी कशी खाऊ! आम्ही पोट धरून हसलो. ती हसली नाही. तो हंगाम गेला, पुढचा गेला. नाल्याकडच्या ओळीचं फळ घरात आलं तर ती ओळखायची, सालीवर नाल्याकडच्या लाल मातीचा बारीक थर असायचा त्यावरून, आणि हात लावायची नाही. आम्हाला संत्र्याचं कौतुक नव्हतं, पण मायला फार आवडायची, हे सांगायचं राहिलं. त्या ओळीची गोडी तर आख्ख्या बगीच्यात नव्हती.

मग एका दुपारी बाबा ओसरीत बसले होते, मी जवारी निवडत होते, आणि माय वावरातून आली. उन्हानं तोंड लाल, लुगड्याचा ओचा भरलेला. उंबऱ्याशी टेकली, ओचा सोडला. चारपाच संत्री. फळाच्या सालीवर नाल्याकडचा तो बारीक लाल मातीचा थर होता. बाबांनी एकदा फळांकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. तिनं एक त्यांच्या हातात दिलं, एक माझ्या मांडीवर टाकलं आणि तिसरं स्वतः सोलायला घेतलं. 

"पोरगा हाय का पोरगी?" बाबांनी विचारलं.

"पोटाले बिलगून होतं," माय म्हणाली, "दिसलं नाही." आणि तिनं पहिली फोड तोंडात टाकली.